मॅरँट्झ मॉडेल ७ : वर्षभर वाजवल्यानंतर

जुना व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप, म्हणजे मुख्य अँप्लिफायरच्या आधीचा, आवाज सांभाळणारा डबा म्हटलं की दर्दी मंडळी लगेच 'काय गोडवा!' म्हणून मान डोलावतात. मॅरँट्झ ७ जवळपास वर्षभर वाजवतोय, आणि आता मला वाटतं की त्या गोडव्यातला बराचसा भाग निव्वळ म्हातारपणाचा असतो. कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वीज गळू द्यायला लागले, आतल्या भागांची मापं सरकली की आवाजाची धार जाते आणि आपण त्यालाच 'व्हिंटेज साउंड' म्हणून डोक्यावर घेतो. नीट दुरुस्त केलेला ७ तसा नाही. तो चक्क साफ वाजतो.

मॉडेल १९५८ चं. सॉल मॅरँट्झ यांची कंपनी न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली, डिझाइन सिडनी स्मिथ यांचं. मी न्यू जर्सीत राहतो, म्हणजे माझ्या नगाला इथवर यायला फार तर दोन नद्या ओलांडाव्या लागल्या असतील. आत सहा १२एएक्स७ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रत्येक काचेत दोन याप्रमाणे बारा ट्रायोड (आवाज वाढवणारे घटक).

पण मी याच्या प्रेमात पडलो ते व्हॉल्व्हमुळे नव्हे, पुढच्या पट्टीवरच्या एका साध्या खटक्यामुळे. फोनोसाठी, म्हणजे तबकडीवरून येणाऱ्या आवाजासाठी, आरआयएए (पुढे सर्वमान्य झालेलं प्रमाण), जुनी कोलंबिया एलपी आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी अशा तीन सोयी त्यावर आहेत. माझ्याकडे आजोबांच्या गिरगावातल्या घरून आलेल्या एचएमव्हीच्या ७८ च्या तबकड्या आहेत, बहुतेक नाट्यपदं. एलपी कापताना खर्ज दाबतात आणि तार वाढवतात. दहा हजार हर्ट्झला ती वाढ पावणेचौदा डेसिबलच्या आसपास असते. वाजवताना तेवढीच ती उतरवायची, हे १९५४ चं आरआयएए प्रमाण. जुन्या ७८ वर तार इतकी वाढवलेलीच नसे. तीच तबकडी आजच्या साध्या फोनो स्टेजवर लावली की जे मुळात वाढवलेलं नाही तेही कापलं जातं, आणि गायक गोधडीतून गातोय असं वाटतं.

खटका ७८ वर नेला, तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लावली, की बालगंधर्वांच्या पदातला 'स' ऐकू येतो. गळ्याच्या मागे ऑर्गनचे सूर वेगळे उभे राहतात, तान कुठे सुटली आणि समेवर कुठे आली ते कळतं. खरखरही वाढते, ते ओघानं आलंच. त्यावर उपाय म्हणून मोडचं बटण दोन्ही चॅनल एकत्र करण्यावर ठेवायचं. ७८ मधलं संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीत नुसता कचरा. दोन्ही बाजू एकत्र झाल्या की उभा कचरा एकमेकांना रद्द करतो. फार झिजलेल्या तबकडीला स्क्रॅच फिल्टर आहे, पण तो मी क्वचितच वापरतो, कारण खरखरीबरोबर 'स'सुद्धा जातो.

एलपीवर गंमत वेगळी. किशोरीताईंचा आलाप लावला की तानपुरा आवाजाच्या मागे अखंड राहतो, त्याची जवारी वर आल्यावर विरत नाही. मध्य सप्तकात याला तोड नाही, निदान माझ्या घरात तरी नाही. डग्गा मात्र जरा सैल वाटतो. माझा साधा ट्रान्झिस्टरचा प्रीअँप तिथे जास्त घट्ट आहे, आणि हे मान्य न करणारे मालक मला भेटलेत.

आता खर्चाची बाजू. चालवायचा तर आधी जाणकार माणसाकडून उघडून घ्या. यात सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आहे. तो जळला तर धूर विषारी असतो आणि वास दिवसभर जात नाही. डिझाइन ११७ व्होल्टचं आहे आणि इथल्या भिंतीत आज १२० च्या आसपास असतात, म्हणून मी व्हॅरिॲक (व्होल्ट कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून खाली आणतो. मूळ पट्ट्यापट्ट्यांचे कपॅसिटर तसेच हवेत म्हणून संग्राहक जादा पैसे मोजतात. मला त्यात अर्थ दिसत नाही. गळणारा कपॅसिटर पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या जाळीवर, नको असलेला डीसी पाठवतो, एवढंच त्याचं कर्तृत्व.

मधे डावीकडून टिणटिण यायला लागली. पेन्सिलीच्या रबरानं एकेक व्हॉल्व्ह हलकेच टिचकावून पाहिला, तर फोनोच्या पहिल्या टप्प्यातला एक घंटेसारखा वाजत होता. तो काढून पुढच्या टप्प्यात टाकला, तिथे गप्प बसलाय. सर्वात शांत व्हॉल्व्ह नेहमी पहिल्या टप्प्यात. जुने टेलिफुंकन (जर्मन कंपनीचे व्हॉल्व्ह) घेणार असाल तर काचेच्या तळाशी पिनांच्या मधे पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा उठावाचा ठसा पाहून घ्या. छपाई कोणीही करतं, काचेतला ठसा सहज करता येत नाही.

रिमोट नाही. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (फार क्षीण सिग्नल देणारा सुईचा प्रकार) असेल तर वेगळा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागेल. किंमत काही हजार डॉलर, वर दुरुस्ती. फक्त स्ट्रीमिंग ऐकणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, कारण यातला निम्मा माल फोनोत आहे. घरात ७८ चा गठ्ठा पडून असेल, तर मात्र दुसरं काही घेण्याआधी एक नग कुठेतरी ऐकून या, जाताना आपली तबकडी घेऊन.