लांब दाण्याचा भात: कुकर, पातेलं, ओसवून की राईस कुकर, कधी काय धरायचं

बासमती घरात आला की पहिला प्रश्न हाच, शिजवायचा कशात. नाशिकच्या घरांत हा प्रश्न जरा जास्तच पडतो, कारण आपला हात बसलाय इंद्रायणीवर नाहीतर कोलमवर, घोटी-इगतपुरीचा भाताचा पट्टा इतका जवळ आहे की तोच तांदूळ वर्षाचा भरला जातो, त्याचं पाणी डोळे मिटून जमतं आणि तेच माप बासमतीला लावलं की भात एकतर गचका होतो नाहीतर शीत मधे कच्चं राहतं. म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी सगळ्या पद्धती समोरासमोर ठेवतेय. माझं मत आधीच सांगते, भांडं कुठलंही घ्या, लांब तांदळाचं काम होतं ते आधीच्या अर्ध्या तासाच्या भिजवण्यात आणि नंतरच्या दहा मिनिटांच्या मुरण्यात, भांड्याने फक्त कष्ट, वेळ आणि किती माणसांचं होईल हे बदलतं.

कारण साधं आहे. तांदळात स्टार्च दोन प्रकारचा, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. बासमतीत अमायलोज जास्त, साधारण २० ते २५ टक्के, त्यामुळे शिजल्यावर शीत सुटं राहतं आणि गार झालं की थोडं ताठ होतं, इंद्रायणीत अमायलोज कमी म्हणून तो मऊ, चिकट. भिजवल्याने पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत आधीच पोचतं, मग दाणा रुंदीला न फुगता लांबीला वाढतो, चांगला जुना बासमती शिजून जवळपास दुप्पट लांब होतो. न भिजवता टाकला तर बाहेरचा थर शिजून फुटतो आणि मधे कणी राहते. भिजवायचा २० ते ३० मिनिटं, तासाच्या वर नको, मग हाताळतानाच तुकडे पडतात. आणि धुताना चोळायचा अजिबात नाही, पाण्यात हात नुसता फिरवायचा, तीनचार पाणी बदलायची, शेवटी रोवळीत किंवा चाळणीत निथळत ठेवायचा.

आता कुकर, कारण बहुतेक घरांत तोच लागणार. कुकरमधे पण दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. आपल्याकडे रोजची पद्धत म्हणजे खाली डाळीचा डबा, वर भाताचा डबा आणि तीनचार शिट्ट्या. इथे शिट्ट्या ठरवते तूरडाळ, भाताला विचारतंच कोण. आत प्रेशरखाली तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, इंद्रायणी-कोलमला ते चालून जातं, आसट झाला तरी वरणात कालवायलाच आहे, पण बासमती त्यात फुटतो आणि त्याची सगळी किंमत वाया जाते. डाळीसोबत लावायचा असेल तर बासमती लावूच नका, हे मी ठामपणे सांगेन. दुसरा प्रकार म्हणजे थेट कुकरमधे: भिजवून निथळलेला तांदूळ १ वाटी, पाणी सव्वा ते दीड वाटी, चमचाभर तूप, मध्यम आचेवर एक शिट्टी आणि गॅस बंद. पुढचं महत्त्वाचं, कुकर पूर्ण गार होईपर्यंत सोडला तर आतल्या वाफेवर भात शिजतच राहतो, म्हणून पाचेक मिनिटांनी उलथन्याने शिट्टी हळूच उचलून उरलेली वाफ काढायची (हात आणि तोंड लांब ठेवून), मग झाकण काढून अजून पाच मिनिटं तसाच राहू द्यायचा. सकाळी डब्याच्या घाईत पुलाव करायचा तर याच्यासारखं काही नाही. तीन वाट्यांच्या वर मात्र नको, खालचा थर दबून मऊ होतो.

पातेल्यात पाणी मुरवून केलेला भात ही माझी सगळ्यात आवडती पद्धत, आणि मला वाटतं चारपाच माणसांच्या घराला हीच सगळ्यात बरी. जाड बुडाचं पातेलं, घट्ट बसणारं झाकण, एवढंच लागतं. तुपावर दोन वेलदोडे, तमालपत्र, निथळलेला तांदूळ मिनिटभर हलक्या हाताने परतायचा, १ ला दीडपट उकळतं पाणी, मीठ, एक कढ आला की आच एकदम बारीक, झाकण, आणि १०-१२ मिनिटं उघडायचं नाही. मग गॅस बंद करून परत दहा मिनिटं. मधे उघडून कलथा घालायची सवय असते ना, ती सोडायची, ओला दाणा त्या वेळी इतका नाजूक असतो की कलथ्यानेच तुटतो, मुरल्यावर तोच दाणा घट्ट होतो आणि काट्याने किंवा झाऱ्याच्या कडेने वरून मोकळा करता येतो. बासमतीचा वास पण यातच सगळ्यात जास्त राहतो, कारण तो वासाचा घटक वाफेबरोबर उडणारा आहे आणि इथे वाफ आतच राहते. अजून एक, नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास उंच, इथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं, त्यामुळे मुंबईच्या कुणी सांगितलेली मिनिटं इथे एखाददोनने वाढवायला लागतात. कुकरला हा फरक फारसा जाणवत नाही, उघड्या पातेल्याला जाणवतो.

ओसवून, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून जादा पाणी काढून टाकून करायचा तर मोठं पातेलं, तांदळाच्या सहा ते आठपट पाणी, खळखळतं आधण, मीठ जरा सढळ, मग तांदूळ वैरायचा आणि सात-आठ मिनिटांनी शीत बोटात दाबून बघायचं. पूर्ण दाबलं गेलं की लगेच चाळणीत. बिर्याणीसाठी मात्र शीत दाबल्यावर त्याचे दोनतीन तुकडे व्हायला हवेत आणि मधे किंचित कणी लागायला हवी, बाकीचं दमावर होतं. यात पाण्याच्या मापाचं टेन्शनच नाही, नवा तांदूळ असो की जुना, चुकायला जागा कमी, म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याला आणि वीसपंचवीस माणसांच्या जेवणाला मी हीच पद्धत सांगते. जादा स्टार्च निघून जातो त्यामुळे भात फडफडीत होतो, सोबत तांदळातलं आर्सेनिक, हा विषारी घटक, पण बऱ्यापैकी कमी होतं. पण ब जीवनसत्त्वं आणि थोडा वास पण त्याच पाण्याबरोबर जातो, गॅस जास्त जळतो, आणि एवढं उकळतं पातेलं उपसायला दोन हात मजबूत लागतात, वयस्कर माणसांना एकट्याने करायला सांगू नये. आर्सेनिक कमी करायला म्हणून ओसवत नसाल तर ती पेज फेकू नका, वरणाच्या पाण्यात किंवा सारात घाला, जिरं-मीठ घालून नुसती प्यायली तरी छान लागते. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर भाताला पिवळट झाक येते, आधणात अर्ध्या लिंबाचा रस पिळा, भात पांढरा निघतो आणि दाणे सुटे राहायला पण मदत होते.

इलेक्ट्रिक राईस कुकर घ्यावा का हे गंगापूर रोडच्या फ्लॅटमधे दोघंच राहणारी जोडपी आणि कॉलेजची मुलं हमखास विचारतात. त्याचं काम समजलं की निर्णय सोपा होतो. पाणी आहे तोवर भांड्याचा तळ १०० अंशांच्या वर जात नाही, पाणी संपलं की तापमान चढतं आणि आतलं चुंबक सुटून खटका वॉर्मवर पडतो. म्हणजे तो पातेल्याचीच पद्धत करतो, फक्त लक्ष ठेवायचं काम आपल्याकडे राहत नाही. भात चांगला मोकळा होतो, पण वेळ वाचत नाही, २०-२५ मिनिटं जातातच, आणि लाईट गेली की अर्धवट राहतो. सोबतच्या प्लॅस्टिकच्या कपाने तांदूळ मोजलात तर पाणी पण त्याच कपाने मोजा, घरची वाटी मधेच आणू नका. वॉर्मवर तासनतास ठेवला की खाली कडक पापुद्रा येतो. ज्यांच्या घरी ओटा लहान आणि वरणभातच रोज, त्यांनी घेऊ नये, ज्यांना गॅससमोर उभं राहायला वेळच नाही त्यांनी जरूर घ्यावा. मायक्रोवेव्हमधे पण होतो, पण पाणी उतू जातं आणि वेळ तेवढाच, मी फक्त एका माणसापुरता सुचवेन.

पण यापेक्षा मोठा प्रश्न, लांब तांदूळ कशाला वापरायचा आणि कशाला नाही. पुलाव, बिर्याणी, जिरा राईस याला दुसरा पर्याय नाही. बिर्याणीला नाशिकचा उन्हाळ कांदा घ्या, त्यात पाणी कमी म्हणून तळून पटकन कुरकुरीत होतो. साखरभात-नारळी भाताला पण लांबच दाणा, फक्त तो पाकात घालण्याआधी पूर्ण शिजलेला हवा, साखर लागली की शीत पुढे शिजत नाही, चरचरीतच राहतं. वर आपल्याकडचे बेदाणे हवेतच. मसालेभाताला दोन्ही चालतात, मला स्वतःला जुना कोलम जास्त आवडतो कारण गोडा मसाला आणि तोंडल्याचा रस तो धरून ठेवतो, बासमतीवरून मसाला घसरतो. साधं वरण-भात-तूप, दहीभात, खिचडी, गुरगुट्या भात, इथे मात्र बासमती नको. हाताने कालवला तरी एकजीव होत नाही आणि नैवेद्याच्या ताटात त्याची मूद पण बसत नाही, वाटी उचलली की ढासळते. इतकं चांगलं घोटीचं इंद्रायणी हाताशी असताना त्याच्या जागी महागडा लांब तांदूळ आणायचं काही कारण नाही.

घेताना काय बघायचं. पुसा बासमती ११२१ हा सगळ्यात लांब होणारा, दिसायला देखणा, बिर्याणीला योग्य, पारंपरिक बासमती त्याच्यापेक्षा आखूड पण वासाला सरस. सेला म्हणजे साळ असतानाच वाफवून वाळवलेला, पिवळसर दिसतो, तासदोन तास भिजवायला लागतो पण तुटत नाही, म्हणून केटरिंगवाले तोच वापरतात, मोठं कार्य असेल तर तुम्ही पण तोच घ्या. दुबार, तिबार, मोगरा हे तुकड्याचे दर्जे, खिरीला आणि पुलावाच्या घरगुती डब्याला तिबार मजेत चालतो. २०१६ ला मिळालेल्या जीआयनुसार (भौगोलिक मानांकन) बासमती हा उत्तर भारतातल्या, हिमालयाच्या पायथ्याकडच्या ठरावीक भागातलाच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नियमात बासमतीला कृत्रिम वास आणि पॉलिशसाठी लावलेले पदार्थ चालत नाहीत. त्यामुळे भद्रकाली किंवा रविवार कारंजाच्या दुकानात सुटा घेताना मूठभर तळहातावर घासून बघा, वास भपकन येऊन लगेच गेला तर तो तांदूळ सोडून द्या. वर्षभर जुना आहे का ते पण विचारा, जुना पाणी जास्त पितो आणि सुटा होतो.

उरलेला भात, यात बासमती सगळ्यांच्या पुढे. फ्रीजमधे रात्रभर राहिला की शीत ताठ होतं आणि सकाळी फोडणीचा भात अगदी मोकळा होतो, इंद्रायणीचा तेवढा होत नाही. पण भात ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. बॅसिलस सिरियस नावाचे जंतू शिजवूनही बीजरूपाने टिकतात, उबेत वाढतात आणि त्यांचं विष परत गरम करून जात नाही. जेवण झालं की परातीत पसरून गार करा, तासाभरात डब्यात भरून फ्रीजमधे, दुसऱ्या दिवशी एकदाच कडकडीत गरम करून संपवा.