४९९ रुपयांत पाच हजार पत्रिका

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या डीटीपीच्या दुकानात बसायला स्टूल उरत नाही. पत्रिका, बॅनर, मध्येच कुणाचं डोहाळजेवण. त्याच गर्दीत मोबाईलवर जाहिरात दिसली: लग्नपत्रिका, वास्तुशांती, वाढदिवसाचे फ्लेक्स, ‘फुल लेयर, एडिटेबल’, पाच हजार पीएसडी (म्हणजे फोटोशॉपच्या फायली), फक्त ४९९ रुपये.

मी काही नवखा नाही. आधी सॅम्पल मागितलं. विकणाऱ्याने लगेच दिलं, आणि ते खरोखर चांगलं होतं. प्रत्येक गोष्ट आपापल्या थरावर, म्हणजे लेयरवर: गणपती वेगळा, तोरण वेगळं, नावं टाईप केलेली. फोटोची जागा स्मार्ट ऑब्जेक्ट होती. डबल क्लिक करा, आपला फोटो टाका, सेव्ह करा, चौकटीत बरोबर बसतो. मी खूश. ४९९ पाठवले.

लिंक आली. झिप उतरवायला रात्र गेली आणि सकाळी कळलं की तिला पासवर्ड आहे. पासवर्डसाठी आणखी २५० रुपये, ‘व्हेरिफिकेशन चार्ज’. इथेच उठायला हवं होतं. पण ४९९ गेलेत तर २५० साठी कशाला सोडा, असा हिशेब केला. जुगारात हरणाराही असाच करतो.

पहिली फाइल उघडली. लेयर पॅनलमध्ये एकच ओळ: बॅकग्राउंड, शेजारी कुलूप. दुसरी तशीच. विसावीही तशीच. कुणाच्या तरी छापून झालेल्या पत्रिकांच्या जेपीजी गोळा करायच्या, फोटोशॉपमध्ये उघडायच्या आणि पीएसडी म्हणून सेव्ह करायच्या, एवढीच त्याची मेहनत. नाव पीएसडी, आत सपाट चित्र. वर-वधूंची नावं, मंगल कार्यालय, मुहूर्त, सगळं चित्रातच मुरलेलं. थोड्या फायलींत लेयर होते, पण मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये, ज्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी आकार दिलेले असतात. तो फॉन्ट मशीनवर नसला की लेयरवर पिवळा त्रिकोण येतो आणि मजकूर बदलायला गेलं की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ‘फॉन्ट’ नावाच्या फोल्डरात एक ईएक्सई फाइल होती. फॉन्ट म्हणजे टीटीएफ किंवा ओटीएफ. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम. त्यावर मी क्लिक केलं नाही, तेवढी एक अक्कल त्या दिवशी शाबूत होती.

पुढची चूक मात्र माझीच. एका मुलीच्या वडिलांना मी त्या गठ्ठ्यातली एक पत्रिका जाहिरातीतल्या चित्रावरून आधीच दाखवून बसलो होतो. काकांना तीच हवी, लग्न बारा दिवसांवर. फाइल रुंदीला १०८० पिक्सेल. छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, हे जेमतेम ३.६ इंच होतं. पाच इंचाला ताणलं तर २१६ डीपीआय. चालून जाईल म्हटलं. जुनी नावं क्लोन स्टॅम्पने, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर छापत, पुसायला बसलो. मागे सोनेरी नक्षी, त्यामुळे नाव पुसलं की नक्षी तुटायची, नक्षी जोडली की डाग दिसायचा. रात्रीचे तीन वाजले. स्वतः कोऱ्या पानावर पत्रिका लावायला मला दोन तास लागतात, हे त्या रात्री आठवलं नाही.

प्रूफ काकांनी मोबाईलवर पाहिलं, ‘छान आहे, घ्या छापून’ म्हणाले. ४०० प्रती छापल्या. दुसऱ्या दिवशी काकू दुकानात आल्या, पत्रिका काउंटरवर ठेवली आणि तळाशी बोट टेकवलं. तिथे बारीक, वळणदार अक्षरांत होतं: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं! छकुली, सोन्या, बंटी.’

“अहो दादा, लग्न आमच्या मुलीचं. ही कुणाची पोरं?”

मी खजील. कागद, छपाई, सगळं पुन्हा, माझ्या खर्चाने. त्या ४०० पत्रिकांच्या पाठी कोऱ्या आहेत, त्यांवर अजून हिशेब लिहितो.

विकणाऱ्याला चिडून मेसेज केला. उत्तर गोड: “सर, रिफंड देतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका.” स्कॅन केलं तर २,४९९ रुपये ‘पे’ करा, असं आलं. दिवसभर गिऱ्हाइकांकडून क्यूआरवर पैसे घेणारा माणूस मी. पैसे येताना मला कधी पिन टाकावा लागला नाही, म्हणून थांबलो. ज्याची आधीच फसगत झालीय त्याला परताव्याचं गाजर दाखवून पुन्हा लुबाडायचं, हा या धंद्याचा दुसरा भाग आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, चॅटचे आणि व्यवहाराचे स्क्रीनशॉट जोडले. पैसे गेले की हा फोन लगेच करायचा, तरच समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची काही शक्यता असते. मी आठवडा घालवला होता. ७४९ रुपये परत आलेले नाहीत.

सॅम्पलवर विश्वास ठेवू नका. ते एकच धड असतं, तेवढ्यासाठीच ठेवलेलं. गठ्ठ्यातली फाइल आपण निवडायची आणि स्क्रीनचा व्हिडिओ मागायचा: लेयर पॅनल उघडं, त्यात आपण सांगू ते नाव टाईप करून दाखव. जोडाक्षरं आणि रफार असलेलंच नाव द्या, म्हणजे मराठी नीट उमटते का तेही कळतं. (फुटलेली दिसली तर दर वेळी फाइलचा दोष नसतो, फोटोशॉपमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट ही मराठीसारख्या लिपींसाठीची सेटिंग चालू नसेल तरीही तसं होतं.) इमेज साइज उघडून पिक्सेलही दाखवायला सांगा.

परवा आणखी एकाचा मेसेज आला, आठ हजार फायली, ३९९ रुपये. म्हटलं, तुमच्या जाहिरातीतली तिसरी पत्रिका उघडा आणि त्यात ‘ऐश्वर्या’ टाईप करून व्हिडिओ पाठवा. निळ्या टिका आल्या. मग त्याचा डीपी दिसेनासा झाला.