टेलिमानस १४४१६: नोकरी गेलेल्या भावासाठी फोन लावला होता, माझ्याकडून पाच स्टार
आधी कामाचं सांगते. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनवरची मदत. १४४१६ ला फोन करायला पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री पण उचलतात, आणि भाषा विचारतात तेव्हा मराठी घेता येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, बंगलोरची मानसिक आजारांची मोठी सरकारी संस्था निमहान्स मुख्य केंद्र आहे, तरी आपल्या इंदूरात रामबागेकडच्या कितीतरी घरांत अजून हा नंबर माहीत नाहीये.

धाकटा भाऊ पीथमपूरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदाराकडून लागला होता, ऑर्डरी कमी झाल्या, ठेकेदाराने माणसं काढली, झालं. तरी हा पहाटे उठून युनिफॉर्म घालून, बुटांच्या लेस बांधून सोफ्यावर बसायचा, कंपनीच्या बसची वेळ टळली की आत जाऊन परत झोपायचा. घरी येणारा प्रत्येक जण "मग, कुठे लागलं का?" विचारणार, त्यामुळे तो समोर यायचाच बंद झाला.

फोनवरच्या ताईंनी आधी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं आणि मग सरळच, मरून जावंसं वाटतं का. हे विचारायची घरात कोणाचीच हिंमत झाली नव्हती. तो "हो, कधीकधी" म्हणाला आणि मग बोलतच राहिला. त्यांनी डॉक्टरांकडे जायला लावलं, नंतर चौकशीचा फोनपण आला.

पण मूळ टेन्शन पैशाचं ना! ईएसआयसीच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा महामंडळाच्या, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून त्याला सरासरी कमाईच्या ५० टक्के भत्ता मिळाला, तो जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच, आणि खरंच आधार झाला. पण दुसरं काम धरलं की भत्ता बंद. ओळखीच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसायला बोलावलं होतं, पैसे किरकोळ, पण घराबाहेर तर पडला असता. हा म्हणे, तायडे, त्या चार पैशांपायी हे भत्त्याचे जातील आणि दुकानात जमलं नाही तर मग काय करू? नाहीच गेला. डॉक्टर सांगतात हळूहळू कामाला लाग आणि इथे हळूहळूला जागाच नाही, एकतर पूर्ण बेकार नाहीतर पूर्ण कामावर, आजारातून उठणारा माणूस असा एका दिवसात उभा राहतो का? अर्धवेळ काम धरलं तर भत्ता कमी करा पण तोडू नका, माझं तर स्पष्ट मत आहे.

टेलिमानसवाल्यांना एक विनंती, समोरचा नोकरी गेली म्हणाला की या भत्त्याचं पण सांगत जा. आणि ज्यांच्या पगारातून ईएसआय (याच विम्याचा हप्ता) कापला जात होता त्यांनी योजना अजून चालू आहे ना ते विचारून आधार आणि बँकेचं पासबुक काढून क्लेम टाकाच.