नदीतल्या टर्बाइनचे नऊ महिने

आमच्या वस्तीपर्यंत विजेची लाइन पोचलेली नाही. गेले नऊ महिने आठ घरांचे दिवे, मोबाइल आणि औषधांचा एक छोटा फ्रिज नदीतल्या टर्बाइनवर चालतोय. एक मीटर व्यासाचा पंखा, दोन तरंगत्या पिंपांच्या मधे अडकवलेला. वरच्या अंगाला नांगर, काठावरच्या झाडाला जादा दोर. बांध नाही, पाइप नाही, उंचावरून पडणारं पाणीही लागत नाही.

माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत ९०० वॉट लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत वेग होता, सेकंदाला २ मीटर. तिकडे आम्ही नीट पाहिलं नाही आणि पहिला महिना जेमतेम दीडशे वॉटवर काढला. धारेतली ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. शिवाय बेट्झच्या नियमाप्रमाणे मोकळ्या धारेतून कुठलाही पंखा ५९.३ टक्क्यांहून जास्त ताकद काढू शकत नाही. जनरेटर आणि वायरीतली गळती धरून तिसरा हिस्सा हाती आला तरी यंत्र चांगलं म्हणायचं.

मग आम्ही नदी मोजली, जे आधीच करायला हवं होतं. काठावर वीस मीटर अंतर आखलं, अर्धी भरलेली बाटली धारेत सोडली, घड्याळ लावलं. दर ठिकाणी दहा वेळा. घरांसमोर पात्र रुंद, तिथे वेग १.१ मीटर. दीडशे मीटर वर नदी आवळते, तिथे १.५. फरक किरकोळ वाटतो, पण वीज अडीच पट झाली, चारशे वॉटच्या आसपास. वायर मात्र लांबली, म्हणून २४ व्होल्टची व्यवस्था ४८ वर नेली. तेवढ्याच विजेला करंट निम्मा आणि वायरीतलं नुकसान पाव.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगतो. पालापाचोळा. पुढे जाळी लावली तर जाळीच तुंबते आणि पाण्याचा वेग खाते. शेवटी प्रवाहाकडे टोक करून व्ही आकारात तिरक्या सळया लावल्या, कचरा बाजूला सरकून जातो. तरी लांब पाणगवत सळयांतून शिरून शाफ्टला गुंडाळतंच, आणि आवाज बदलला की आम्हाला घरबसल्या कळतं. रोज सकाळी एका घराची पाळी असते. यंत्र दोराने काठाशी ओढायचं, पंखा थांबवायचा, मगच हात घालायचा. ही पाळी ठरवता येणार नसेल तर यंत्र घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

गढूळ पाण्यातली रेती बेअरिंगचं सील खाते. आमचं सहाव्या महिन्यात गेलं, सुटं ठेवलं होतं म्हणून एका दिवसात बदललं. पाण्याला चढ आला की आम्ही यंत्र बाहेर काढतो. एकदा उशीर केला आणि वाहत आलेल्या ओंडक्याने एक पातं तोडलं.

बॅटरी भरल्यावर लोड, म्हणजे यंत्राची वीज खाणारी जोडणी, तोडायचा नाही. मोकळा सुटलेला पंखा जोरात फिरतो, व्होल्टेज चढतं आणि बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर जळतो. जादा वीज आम्ही पाणी तापवायच्या कॉइलमध्ये सोडतो. विक्रेत्याने हे सांगितलंच नव्हतं, पहिला कंट्रोलर त्यातच गेला.

एवढं असूनही मी समाधानी आहे, कारण नदी रात्रीही वाहते. सतत १२० वॉट मिळाले तरी दिवसाला २.९ युनिट होतात, ढगाळ दिवसांतसुद्धा. सध्या पाणी उतरलंय, वेग १ मीटरवर आलाय, आणि तेवढेच मिळतायत. दिवे लवकर मालवतो, मोबाइल दुपारी चार्ज करतो. फ्रिज या मोसमात एकदाही बंद ठेवावा लागलेला नाही.