बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टवरून हॉटेलला जाताना आमची झालेली फसवणूक, जाणाऱ्यांनी प्लीज वाचा

बँकॉकला पहिल्यांदाच जाणार असाल आणि सोबत आईवडील किंवा लहान मुलं असतील तर पाच मिनिटं काढून हे वाचा. आमचे पैसे गेले ते गेले, पण बाबांचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो, तसं दुसऱ्या कोणाच्या घरी होऊ नये म्हणून लिहितोय.

मी, आई आणि बाबा असे तिघं गेलो होतो. आईबाबांचा पहिलाच परदेश प्रवास. हॉटेल, फिरायची ठिकाणं, आईच्या गोळ्या, सगळं मी महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं, फक्त एअरपोर्ट ते हॉटेल एवढंच बघितलं नव्हतं, उतरलो की टॅक्सी करू, त्यात काय बघायचंय असं वाटलं. तिथेच चुकलो.

विमान संध्याकाळी साडेसातला उतरलं, इमिग्रेशनच्या लाईनीत तास गेला, बाबांचे गुडघे दुखायला लागले होते, बॅगा घेऊन बाहेर आलो तेव्हा पावणेनऊ. आपण बाहेर येतो तो एअरपोर्टचा दुसरा मजला. समोर माणसांची गर्दी, नावांच्या पाट्या धरलेले लोक, आणि मी टॅक्सीचा बोर्ड शोधतोय तेवढ्यात एक माणूस समोर आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात लाल पट्टीचं आयकार्ड, हातात लॅमिनेट केलेलं रेटकार्ड. अगदी नम्रपणे विचारलं, कुठलं हॉटेल? मी म्हटलं प्रतूनाम, आमचं हॉटेल बँकॉकच्या त्या भागात होतं. मग तो म्हणाला की खाली टॅक्सीला दीड तासाची लाईन आहे, ट्रेन आता बंद झाली, आणि तसंही ट्रेन प्रतूनामला जातच नाही. रेटकार्डवर प्रतूनामसमोर १६०० बाथ (थायलंडचं चलन) छापलेले होते, त्यावर बोट ठेवून म्हणाला, सोबत सीनियर सिटिझन आहेत म्हणून १४०० घेतो.

मी जरा थांबलो, मोबाईल काढला, सिमकार्ड अजून घेतलेलं नव्हतं आणि एअरपोर्टचं वायफाय कनेक्ट व्हायला वेळ लावत होतं. तेवढ्यात त्याने बाबांच्या हातातली ट्रॉली घेतली, मोठ्या अदबीने, बाबांना थँक्यू वगैरे म्हणत, आणि चालायला लागला. आता आपल्या बॅगा जिकडे जातायत तिकडे आपण जातोच ना, बाबा मागे, त्यांच्या मागे आई, आणि शेवटी मी.

तो आम्हाला टॅक्सीच्या रांगेकडे नेतच नव्हता, पार्किंगच्या इमारतीत नेलं. तिथे एक चंदेरी रंगाची साधी कार, वर टॅक्सीची पाटी नाही, आत मीटर नाही, ड्रायव्हर वेगळाच. १४०० बाथ त्याने तिथेच घेतले, पावती मागितली तर ड्रायव्हर देईल म्हणाला आणि गेला पण. ड्रायव्हरला इंग्लिशचे चारच शब्द येत होते. रस्त्यात टोल आला की न बोलता हात मागे करायचा, दोन टोलचे मिळून ७५ बाथ मी दिले.

हॉटेलच्या दारात पोचलो तर डिक्कीच उघडेना तो. गाडीतच बसून राहिला आणि मोबाईलवर २०० लिहून स्क्रीन आमच्याकडे केली, वर बॅगांकडे खूण. मी आवाज चढवला, तो समोर बघत बसला, रात्रीची वेळ, आई म्हणतेय जाऊ दे रे, आपल्या बॅगा त्याच्याकडे आहेत. शेवटी बाबांनी पाकीट काढलं आणि शंभरच्या दोन नोटा त्याच्या हातावर ठेवल्या. नंतर लिफ्टमध्ये हळूच म्हणाले, ट्रॉली मीच सोडली ना हातातून. तो माणूस सत्तर वर्षांचा आहे, आयुष्यभर हिशोबाला चोख, आणि परदेशातल्या पहिल्या रात्री त्याला असं वाटावं याचा मला फार राग आला, माझा पण आणि त्या लोकांचा पण.

एकूण १६७५ बाथ. तेव्हाच्या भावाने चार हजार रुपयांच्या वर.

रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं तर तिने आधी विचारलं, टॅक्सीच्या रांगेतल्या मशीनची स्लिप आहे का? नाही. गाडीचा नंबर? तो पण बघितला नव्हता. मग ती म्हणाली की मीटरच्या टॅक्सीने टोल धरून साडेतीनशे-चारशे बाथ होतात, आणि नंबरच नाही तर तक्रार कशाची करणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता करून बाहेर पडलो, आठ मिनिटं चाललो नसू तर डोक्यावरून ट्रेन गेली. एअरपोर्ट रेल लिंक. राचाप्रारोप नावाचं स्टेशन प्रतूनामला लागूनच आहे, एअरपोर्टपासून तिथपर्यंत ४० बाथ, आणि ही ट्रेन रात्री बारापर्यंत चालते. म्हणजे आम्ही पावणेनऊला बाहेर आलो तेव्हा तीन तास बाकी होते! त्या माणसाची तिन्ही वाक्यं धडधडीत खोटी होती आणि मी एकही तपासलं नाही. पैसे त्याने नंतर घेतले, त्याच्या आधी माझे दुसरे सगळे रस्ते एकेक करून बंद केले, आणि मला तो मदत करतोय असंच वाटत होतं. तिथे खरी व्यवस्था आहे ना, ती तुमच्याकडे चालत येत नाही, तुम्हाला खाली उतरून तिच्याकडे जावं लागतं. अंगावर येऊन हॉटेल विचारणारा माणूस कितीही सभ्य दिसला तरी थांबायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, आणि बॅगेचा हँडल तर अजिबात सोडायचा नाही.

आता नीट कसं जायचं ते सांगतो. टॅक्सी हवी असेल तर दुसऱ्या मजल्यावरून सरळ पहिल्या मजल्यावर उतरा, पब्लिक टॅक्सीचे बोर्ड दिसतात. बाहेर मशीन आहेत, बटण दाबलं की स्लिप येते, त्यावर लेनचा नंबर असतो, त्या लेनमध्ये जी टॅक्सी उभी ती तुमची. स्लिपवर ड्रायव्हरची आणि गाडीची माहिती असते, ती हॉटेलला पोचेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवा, ड्रायव्हरने मागितली तरी देऊ नका, फार तर फोटो काढून ठेवा. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, तो सुरू झालेला डोळ्यांनी बघा. त्याच्यावर एअरपोर्टचा सरचार्ज लागतो, आम्ही गेलो तेव्हा ५० बाथ होता, आणि टोल आपणच द्यायचा असतो, त्यात फसवणूक नाही. मीटर बिघडलाय म्हणाला तर बॅगा डिक्कीत जायच्या आधीच उतरा आणि दुसरी स्लिप घ्या. लिमोझीनचे, म्हणजे खासगी भाड्याच्या गाड्यांचे, अधिकृत काउंटर पण दुसऱ्या मजल्यावर आहेत, महाग पडतात, पण ते काउंटरच्या मागे बसलेले असतात आणि पावती देतात.

सामान कमी असेल तर ट्रेनच घ्या. ती सगळ्यात खाली बेसमेंटमध्ये, लिफ्टमध्ये ‘बी’ दाबा. शेवटचं स्टेशन फाया थाई, तिथपर्यंत ४५ बाथ आणि अर्धा तास, तिथून स्काय ट्रेन (शहरातली पुलावरून धावणारी ट्रेन) मिळते, आणि मक्कासानला उतरलात तर मेट्रो जवळ आहे. आणि हो, बँकॉकला दोन एअरपोर्ट आहेत, ही सगळी माहिती सुवर्णभूमीची आहे, काही स्वस्त फ्लाइट डॉन मुआंगला उतरतात, तेव्हा तिकीट बघून घ्या.

परत येताना आम्ही ट्रेननेच आलो. बॅगा वर न्यायला थोडा त्रास झाला पण तिघांचे मिळून १२० बाथ, गोल प्लास्टिकचं टोकन, बाबांना खिडकीजवळ जागा मिळाली आणि ते प्रत्येक स्टेशनचं नाव मोठ्याने वाचत होते. एअरपोर्टला पोचल्यावर मला म्हणाले चल, ती मशीन कुठे आहे ते बघून येऊ, आणि खरंच पहिल्या मजल्यावर जाऊन आम्ही ती बघून आलो.

पुढच्या महिन्यात मावशी आणि काका जातायत. त्यांना मी एका कागदावर टॅक्सी मजला १, ट्रेन बेसमेंट, एवढं मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. बाबांनी तो कागद माझ्याकडून घेतला आणि खाली स्वतःच्या अक्षरात दोन नंबर लिहिले, टॅक्सीच्या तक्रारीचा १५८४ आणि टुरिस्ट पोलिसांचा ११५५, आणि त्याखाली लिहिलं, गाडीत बसायच्या आधी नंबर प्लेटचा फोटो काढणे.