मिस्टिंग सिस्टिम, लातूरचं बोअरचं पाणी आणि दोन झाडबेडूक: ११ महिन्यांनंतर

डिसेंबरात एका पहाटे टायमरवर पंप सुरू झाला, आवाज नेहमीसारखाच आला, पण बेडकांच्या पेटीत थेंब पडला नाही. पेटीतली हवा दमट राहावी म्हणून हा पंप ठरल्या वेळी बारीक फवारा (मिस्टिंग) मारतो. फवारा सोडणारी चारही नोझल बंद. त्याच दिवशी या संचाबद्दल रागाच्या भरात लिहायला बसणार होते. बरं झालं लिहिलं नाही, कारण त्यातलं अर्धं मला आज मागं घ्यावं लागलं असतं.

पेटी नेहमीचीच आहे. ४५ बाय ४५ बाय ६० सेंटीमीटर, उभी, समोर दोन दारं, वर जाळी. आत व्हाइट्स ट्री फ्रॉगची (मूळ ऑस्ट्रेलियाकडचा झाडबेडूक) जोडी, नर दगडू आणि मादी भेंडी. दोघं पुण्यात एकांकडे घरीच वाढलेले, बिलासकट आणलेले. (शेतातल्या विहिरीवर किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर दिसणारे आपले झाडबेडूक धरून पेटीत घालू नका. त्यांचं घर त्यांना आहे.) मिस्टिंगचा संच वेगळा घेतला, ४,२०० रुपयांना: १२ व्होल्टचा पंप, टायमर, नळी, चार नोझल. पेटीबद्दल, फांद्यांबद्दल, पोथॉसच्या (मनीप्लांटच्या) वेलाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती नोझलची.

नोझल काढून तळहातावर घेतलं तर ते बोराच्या बीएवढं. मधलं छिद्र सुईच्या टोकाहून बारीक आणि त्याच्याभोवती पांढरं कडं जमलेलं. नखानं निघेना, टाचणीनं कोरलं तर छिद्रच वाकडं होण्याची भीती. बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर जे बसतं तेच हे. आमच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजला तर ११५० निघाला. कंपनीच्या माणसाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, हार्ड वॉटर वॉरंटीत येत नाही, आरओचं पाणी वापरा." मी संचासोबतचं पत्रक पुन्हा वाचलं. त्यात 'स्वच्छ पाणी' एवढंच लिहिलंय. आमचं पाणी स्वच्छच आहे, जड आहे. पत्रकात दोन शब्द जास्त छापायला काय जात होतं? तीन फोन आणि दोन मेल झाले, नोझल काही मिळालं नाही.

आरओ म्हटलं की मला आधी बादलीच दिसते. एक लिटर गाळताना आमचं मशीन तीन लिटर बाहेर टाकतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आमच्या गावाला, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात भांडी धुतलेलं पाणी मी झाडांना घातलंय. आज बेडकांसाठी पाणी गाळून मोरीत सोडायचं, हे मनाला पटेना.

तेवढ्यात दीर गावाहून आले. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वैनी, कशाला एवढा खटाटोप? शेतातला फवारणीचा पंप देतो की आणून. चांगला धुऊन देतो." भाऊजींचा जीव चांगला, पण याला मी ठाम नाही म्हणाले. बेडूक पाणी तोंडानं पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषून घेतो. कापसावर, सोयाबीनवर औषध मारलेला पंप दहा वेळा धुतला तरी नळीत, वायसरात अंश राहतोच, आणि तो थेट त्यांच्या अंगात जाणार. हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. फवारणीच्या पंपाला, त्याच्या नळीलाही हात लावू नका.

शेवटी मार्ग सापडला तो ठिबकच्या दुकानात. नोझल दाखवलं, दुकानदार बघताक्षणी म्हणाला, "ताई, क्षार धरलाय. आमच्या ड्रिपरलाबी हेच होतंय. शेतकरी अॅसिड सोडून साफ करतेत." मग त्यांनी नीट समजावलं. फिल्टर माती अडवतो, गाळ अडवतो, पाण्यात विरघळलेला क्षार अडवत नाही. त्याला एक तर अॅसिड, नाहीतर मऊ पाणी. १२० मेशचा छोटा जाळी फिल्टर १८० रुपयांना घेतला आणि किराणा दुकानातून लिंबूसत्व. कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून नोझल टाकली, तर कडेनं बारीक बुडबुडे सुटायला लागले. तासाभरानं पांढरं कडं गायब. नंतर नोझल वाहत्या पाण्याखाली धुतली, पेटीबाहेर बादलीत लिटरभर साधं पाणी सोडून नळी साफ केली, मगच पुन्हा जोडलं. ही पायरी गाळू नका, आंबट पाण्याचा एक थेंबही बेडकांवर पडायला नको.

इथंच माझं मत बदललं. नोझल हातात होतीच म्हणून मापाचा पेला धरला. चारही नोझल मिळून मिनिटाला २६० मिली. दिवसातून दोनदा एकेक मिनिट, म्हणजे अर्धा लिटर. अर्ध्या लिटर आरओपायी दीड लिटर बाहेर जातं आणि तेवढ्यात एका खोलीची फरशी पुसून होते. ज्या पाण्यावरून मी महिनाभर कंपनीशी भांडले, ते एवढंसं होतं. आता फवाऱ्याला आरओचं आणि बसायच्या वाडग्याला नळाचं, रुंद तोंडाच्या बादलीत २४ तास उघडं ठेवलेलं. उघड्यावर क्लोरीन उडून जातो. वाडग्यात आरओ घालत नाही, कारण त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे बेडकाच्या अंगातले क्षार कातडीतून बाहेर जाऊ शकतात, आणि बेडूक तासन्‌तास त्यात बसतो. पत्रकाबद्दलचं माझं म्हणणं मात्र बदललेलं नाही. जड पाण्याबद्दल त्यांनी लिहायलाच हवं.

एप्रिलपासून वेगळीच अडचण. दगडू हिरव्याचा तपकिरी झाला. हे बेडूक ऊन, कोरडी हवा, ताण यानुसार रंग बदलतात, त्यामुळे आधी घाबरले नाही, पण तो दुसऱ्या दिवशीही तपकिरीच आणि दिवसभर वाडग्यात बसून. पेटीसोबत आलेला काट्याचा आर्द्रतामापक ६० दाखवत होता. डिजिटल आणून शेजारी ठेवला, तर २८! काटा पहिल्यापासून अडकलेला असावा, ८ महिने मी त्यावर विश्वास ठेवला. मी फवारे दोनाचे चार केले. आर्द्रता तासाभर चढायची, पुन्हा खाली. शिवाय तळाचं कोकोपीट (नारळाचा भुसा) चिंब होऊन कुबट वास यायला लागला तो वेगळाच.

चूक वरच्या जाळीची होती. दमट हवेच्या गावात वरून पूर्ण जाळी ठीक, इथं मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि हवा कुरकुरीत, आतली वाफ धुरासारखी निघून जाते. काचवाल्याकडून ४५ बाय ३०ची काच कापून आणली, कडा घासून घेतल्या, ९० रुपये. दोन तृतीयांश जाळी झाकली, पुढची पट्टी उघडी ठेवली. दाराखालून हवा आत, पट्टीतून बाहेर. फवारे परत दोनावर आणले तरी आर्द्रता ५५ ते ६५. चौथ्या दिवशी दगडू पुन्हा हिरवा.

उष्णता आवरायचं काम आमच्या जुन्या कूलरनं केलं. खोलीत कूलर असला की पेटीत ३० अंशांच्या आसपास, बंद पडला की दोन तासांत ३३. लाइट गेली की त्या काचेवर गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची. हीटिंग दिवा मी जानेवारीत दहा-बारा रात्री लावला असेल. विक्रेता संचात घालून देत असेल तर आधी विचारा, मराठवाड्यात तो जवळपास वर्षभर खोक्यातच राहतो.

खाण्याचं थोडक्यात: मोठ्या बेडकांना दोन-तीन दिवसांआड पुरतं, किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. भेंडी मागेल तितकं खाते, आणि ही जात लवकर लठ्ठ होते, म्हणून तिला मोजूनच.

संच पुन्हा घेईन का? पंप घेईन, ११ महिन्यांत त्यानं एकदाही त्रास दिला नाही. नोझल मात्र ठिबकच्या दुकानातून घेईन. तिथं शेडनेटमध्ये फवाऱ्यासाठी लावतात ते फॉगर २५ रुपयांना मिळतात आणि पंपाचा दाब त्यांना पुरतो, मी एक लावून बघितलाय. थेंब थोडा जाड पडतो, पण छिद्र मोठं आहे आणि चार महिन्यांत एकदाही चोंदला नाही.

जुन्या चारांतलं डाव्या कोपऱ्यातलं नोझल पंप बंद झाल्यावरही थेंब थेंब गळतं. बदलायला काढलं होतं, पण दगडू रोज रात्री नेमका त्याच्याखालच्या फांदीवर येऊन बसतो, पाठीवर थेंब घेत. परवा पहिला मोठा पाऊस झाला, पत्र्यावर आवाज सुरू झाला तसा तो तिथूनच ओरडायला लागला. नोझल आहे तसंच ठेवलंय.