एक पावसाळा काढलेले ग्रहणचष्मे

येत्या २ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, आषाढी अमावास्येला म्हणजे दिव्यांच्या अवसेला सूर्यग्रहण आहे, आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातल्या केरी गावात त्याची चर्चा आतापासूनच सुरू झाली आहे. बातम्यांमध्ये ‘खग्रास’ हा शब्द आल्यापासून दूध घालायला येणाऱ्या माणसापासून देवळातल्या आरतीला जमणाऱ्या बायकांपर्यंत प्रत्येक जण विचारतो की त्या दिवशी अंधार किती वाजता पडणार. गावच्या वाचनालयाचे काम मी पाहते, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक वेळा माझ्यापर्यंत येतो. त्याचसाठी वाचनालयाने गेल्या मे महिन्यात ग्रहणचष्म्यांची दोन पाकिटे मागवली आणि त्यांच्याविषयी मी हे लिहीत आहे.

प्रत्येक पाकिटात दहा चष्मे होते आणि चौकट जाड पुठ्ठ्याची होती. एका पाकिटातल्या चष्म्यांना काळी पॉलिमरची फिल्म आहे, दुसऱ्यातल्यांना अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली, आरशासारखी चकाकणारी रुपेरी फिल्म. काळ्यांचे पाकीट साडेसातशे रुपयांना पडले, रुपेरी दोनशेने स्वस्त. वस्तू हाती आल्याबरोबर अभिप्राय लिहिणे सोपे होते. परंतु ज्या वस्तूचे खरे काम वर्षभरानंतर आणि तेही भर पावसाळ्यात पडणार आहे, ती सत्तरीतला एक पावसाळा काढून कशी राहते हे पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते. निर्मात्यांची नावे मी देत नाही, कारण चांगल्या चष्म्यांच्या वेष्टनाची हुबेहूब नक्कल करून भलताच माल विकला जातो, आणि माझ्या शब्दावर कोणी नाव पाहून डोळे मिटून खरेदी करावी असे मला वाटत नाही. चष्मा हातात आल्यावर तो आपल्याला कसा तपासता येतो, हे सांगणे जास्त उपयोगाचे आहे.

आम्हाला हा धडा २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाने दिला. त्या सकाळी केरळमधल्या कासरगोड भागात कंकणाकृती ग्रहण झाले आणि गोव्यात सूर्याचा बराच मोठा भाग झाकला गेला. त्या वेळी एका विक्रेत्याकडून आणलेल्या चष्म्यांवर ‘आयएसओ १२३१२-२’ हा, सूर्याकडे थेट पाहण्याच्या चष्म्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा, आकडा ठळक छापलेला होता. पण आदल्या रात्री मी त्यातला एक सहज डोळ्यांना लावला, तर वाचनालयाची ट्यूबलाइट, तिच्यामागचे छताचे वासे आणि वाशावरची पाल, सगळे मला दिसले. ते सगळे चष्मे आम्ही वापरले नाहीत, पैसेही परत मिळाले नाहीत, आणि सकाळी जमलेल्या मुलांना आम्ही चाळणीच्या छिद्रांतून जमिनीवर पडलेल्या सूर्याच्या कोरी दाखवल्या.

या वेळच्या दोन्ही पाकिटांची पहिली परीक्षा म्हणून तीच ट्यूबलाइट घेतली. खऱ्या ग्रहणचष्म्यातून घरातले काहीही दिसता कामा नये. मोबाइलची बॅटरी डोळ्यांसमोर धरली तर फार तर एक अंधूक ठिपका दिसावा. दोन्ही प्रकार या कसोटीला उतरले. मग मी अंगणात गेले. तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर स्टीलचे ताट उन्हात ठेवले होते. त्याच्या काठावर चमकणारी तिरीप काळ्या चष्म्यातून टाचणीच्या टोकाएवढी मंद दिसली. बाकी ताट, वृंदावन, पलीकडचा माड, यांपैकी काहीच नव्हते. त्यानंतरच सूर्याकडे पाहिले.

काळ्या फिल्ममधून सूर्य नारिंगी दिसतो, कडा रेखीव असते आणि डोळ्यांवर काहीही ताण येत नाही. रुपेरी फिल्ममधून तोच सूर्य निळसर पांढरा आणि किंचित धूसर दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या बहुतेकांना वाटते की सूर्य फारच लहान आहे, आणि ते खरेच आहे: हात लांब करून धरलेल्या तुरीच्या दाण्याएवढेच ते बिंब असते, एरवी त्याच्या झळाळीमुळे ते मोठे भासते. सुटीत वाचनालयात येणाऱ्या मुलांपैकी चौथीतली एक मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाई, सूर्याच्या गालावर तीळ आहे.” मी चष्मा लावून पाहिले, तर बिंबाच्या डाव्या बाजूला खरोखरच एक बारीक काळा ठिपका होता. तो सौरडाग होता. पुढचे चार दिवस तो हळूहळू सरकताना त्या मुलीने वहीत काढला. ग्रहणाला अजून वर्षाहून अधिक अवकाश असताना या चष्म्यांची किंमत माझ्या दृष्टीने त्याच आठवड्यात वसूल झाली.

चष्म्यावर इंग्रजीत छापले आहे की सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाहू नये. ही सूचना जुन्या काळातून तशीच चालत आली आहे. फिल्म प्रमाणित असेल आणि तिला ओरखडा किंवा छिद्र नसेल, तर त्यातून हवा तेवढा वेळ पाहता येते.

आता पावसाळ्याविषयी. वाळपई-केरीचा हा भाग गोव्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या भागांपैकी आहे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागद, कापड, चामडे यांपैकी कशाचाच भरवसा नसतो. दोन्ही प्रकारांतले निम्मे निम्मे चष्मे मी वाचनालयाच्या लाकडी कपाटात ठेवले आणि उरलेले घरी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कोरड्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवले. चवथीनंतर दोन्हीकडचे बाहेर काढले, तेव्हा कपाटातल्या सर्व चौकटी पापडासारख्या वाकलेल्या होत्या, पुठ्ठ्यावर बुरशीचे करडे ठिपके होते, आणि दोन रुपेरी चष्म्यांची फिल्म एका कडेने चौकटीतून सुटली होती. त्यांतल्या एकावर घडी पडून मुलामा झडला होता. मोबाइलची बॅटरी मागे धरल्यावर त्या घडीत तीन बारीक पांढरे बिंदू लख्ख दिसले. हे दोन्ही चष्मे मी कात्रीने कापून टाकले, कारण नुसते कचऱ्यात टाकले असते तर कोणीतरी पोराने उचलून वापरले असते. काळ्या फिल्मला मात्र कपाटातही काही झाले नव्हते, केवळ पुठ्ठा बिघडला. डब्यातले चष्मे, दोन्ही प्रकारचे, नव्यासारखे राहिले. ज्यांना कोकणपट्टीत हे चष्मे पावसाळ्यापलीकडे टिकवायचे आहेत, त्यांनी डब्याचीच सोय करावी.

चौकटीचा आणखी एक दोष असा की ती मोठ्या माणसाच्या डोक्याच्या मापाची आहे. लहान मुलांच्या नाकावरून ती घसरते, आणि घसरण्याच्या क्षणी मूल वर पाहत असते. आम्ही दोन्ही काड्यांना भोके पाडून इलॅस्टिक ओवले. नजरेचा चष्मा असणाऱ्यांनी तो तसाच ठेवून वरून हा लावावा. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून पाहताना हे चष्मे डोळ्यांना लावणे मात्र पूर्णपणे चुकीचे आहे, कारण भिंगाने एकवटलेल्या उन्हापुढे ही फिल्म क्षणात जळते. ही सूचना पाकिटावर आहे, पण इतक्या बारीक अक्षरांत की मला ती वाचायला भिंग घ्यावे लागले.

माझी सर्वांत मोठी तक्रार पाकिटातल्या माहितीपत्रकाबद्दल आहे. ते इंग्रजीत आणि आणखी दोन-तीन परक्या भाषांत आहे. मराठीत, कोंकणीत किंवा हिंदीत एक ओळही नाही. त्यात एक वाक्य असे आहे की सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर चष्मा काढावा आणि पुन्हा ऊन फुटू लागताच लावावा. वाक्य अगदी बरोबर आहे, पण ते केवळ खग्रास पट्ट्यातल्या माणसांसाठी आहे. २ ऑगस्टला हा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन आणि सोमालिया यांवरून जाणार आहे, आणि इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास अवस्था सर्वाधिक, ६ मिनिटे २३ सेकंद टिकणार आहे. गोव्यात त्या दिवशी दुपार कलल्यावर ग्रहण लागेल ते खंडग्रास. सूर्याचा काही भाग झाकला जाईल, अंधार पडणार नाही, आणि चष्मा काढण्याचा क्षण येणारच नाही. दूरदर्शनवर लक्सरचे काळे बिंब दाखवत असतील आणि इथे अंगणात कोणी त्याच वेळी चष्मा काढून वर पाहील, या विचाराने मला खरोखर धास्ती वाटते. डोळ्यांच्या पडद्याला वेदना कळत नाही. ऊन लागून तो भाजला तरी त्या वेळी काहीच जाणवत नाही आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो. म्हणून आम्ही प्रत्येक चष्म्याच्या आतल्या बाजूला मराठी पट्टी चिकटवली आहे: “गोव्यात हा चष्मा ग्रहण सुटेपर्यंत एक क्षणही काढायचा नाही.”

ऑगस्टचे आभाळ म्हणजे ग्रहण दिसेलच याची खात्री नाही, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. पण विरळ ढगाचा धोका मी आवर्जून सांगत असते. पातळ ढगाआडून सूर्य चंद्रासारखा सौम्य दिसतो, चष्म्यातून मात्र तो फारच अंधूक किंवा अजिबात दिसत नाही, आणि नेमका तेव्हाच चष्मा काढण्याचा मोह होतो. अशा वेळी ढग सरकण्याची वाट पाहावी. वेल्डिंगच्या काचेविषयीही पुष्कळ जण विचारतात. बारा ते चौदा क्रमांकाची काच चालते, पण रोजच्या वेल्डिंगच्या मुखवट्यात सहसा दहा-अकरा क्रमांकाची असते, ती या कामाला अपुरी आहे. एक्स-रे फिल्म आणि काजळी धरलेली काच यांचा तर विचारही करू नये.

घरात मात्र या चष्म्यांपुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. माझ्या सासूबाईंचे माहेर कारवारचे. १६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवार-अंकोल्यावरून गेला, तेव्हा त्या तिथेच होत्या, पण पहिलटकरीण म्हणून त्यांना आतल्या खोलीत बसवले होते. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. दाराखालच्या फटीतली उजेडाची रेघ विझली आणि माडांवरचे कावळे एकदम गप्प झाले, एवढेच त्यांचे खग्रास ग्रहण. आजही त्या वेध पाळतात, पाण्यावर तुळशीपत्र ठेवतात, आणि चष्मा कितीही खरा असला तरी ग्रहणात उंबरठा ओलांडणार नाहीत. शेजारच्या दोन वहिनींचेही तेच मत आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात मला स्वारस्य नाही.

त्यांच्यासाठी मी हातआरशावर काळा कागद चिकटवून त्यात पाच मिलिमीटरचे भोक पाडले. आमचे घर पूर्वाभिमुख आहे. दुपार कलल्यावर घराची सावली संपते तिथे, दारापासून आठ-दहा मीटरवर, स्टुलावर तो आरसा टेकवला आणि त्याचा कवडसा उघड्या दारातून ओसरीच्या भिंतीवर सोडला. दहा मीटर अंतरावर सूर्याचे बिंब सुमारे नऊ सेंटीमीटरचे उमटते, म्हणजे आमच्या आमटीच्या वाटीएवढे. त्यावरून ढगाचा एक पदर सरकत गेला तोही भिंतीवर दिसला. आरशात थेट डोकावायचे नाही, एवढे पथ्य पाळले की झाले. सासूबाई खुर्ची ओढून भिंतीसमोर बसल्या आणि ते बिंब सरकत कोपऱ्यातल्या समईपर्यंत पोहोचेपर्यंत उठल्या नाहीत. ग्रहणाच्या दिवशी ही खुर्ची तिथेच ठेवायची आहे. फुकटात होणाऱ्या या सोयीला कोणताही चष्मा सर येणार नाही. पण ती एका घराला पुरते, साठ-सत्तर माणसांना नाही, म्हणून चष्मे लागतातच.

काळ्या फिल्मच्या चष्म्यांना मी पाचपैकी चार गुण देते. कापलेला एक गुण पुठ्ठ्याचा आणि माहितीपत्रकाचा. रुपेरी चष्मे पुन्हा मागवणार नाही. काळ्यांची आणखी तीन पाकिटे घ्यायची आहेत, आणि ती जूनच्या आधी घ्यावीत असे मी इतर गावांतल्या वाचनालयांनाही कळवले आहे, कारण ऐन वेळी जे मिळते त्यातच नकली माल जास्त असतो.

माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त सौदी अरेबियातल्या जेद्दात राहतात. ते शहर खग्रास पट्ट्यात आहे, आणि तिथे जवळपास सहा मिनिटे सूर्य पूर्ण झाकलेला असेल. चवथीला ते घरी आले होते, तेव्हा त्यांच्या कुटुंबासाठी चार काळे चष्मे त्यांच्याबरोबर दिले. त्या चारांवर आमची मराठी पट्टी चिकटवलेली नाही. उलट माहितीपत्रकातल्या चष्मा काढण्याच्या वाक्याखाली मी लाल शाईने रेघ ओढून दिली. सासूबाईंनी मुलाला एवढेच बजावून सांगितले आहे की अंधार पडल्यावर सूर्याच्या जागी काय दिसले, ते त्याच दिवशी फोन करून सांगायचे.